अकरा वर्षांची तोंडओळख

हे मी सुशीलाला सांगितलं नाही. चौतीस वर्षांचा संसार, आणि तिला नाही सांगितलं. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. मग तुम्हालाच काहून सांगून राहिलो? तुमची-माझी तर ओळखही नाही. कदाचित म्हणूनच. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही.

शिक्षण माझं सातवीपर्यंत, तीही परीक्षा न देताच सोडलेली. लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या. — बघा, सुरुवातच अशी. सांभाळून घ्या. जन्मभर हेच म्हणत आलो.

मागच्या महिन्यात नितीनचा, माझ्या मुलाचा, कॅनडाहून फोन आला. नवीन नोकरी, नवीन देश, जाऊन आठवडा झालेला. म्हणाला, "बाबा, आज बँकेत खातं उघडलं. अर्धा तासही लागला नाही."

मी विचारलं, "सही कोणी दिली?"

"कोणी म्हणजे? मीच."

"तशी नाही रे. दुसरी. ओळख देणाऱ्याची."

तो हसला. "इथं मला कोण ओळखते, बाबा? पासपोर्ट दाखवला, झालं." मग तिथल्या थंडीचं सांगत राहिला. मी अच्छा, अच्छा म्हणत राहिलो. फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसलो तो बसूनच राहिलो. कोणीही ओळखत नसताना चालते — इतकं सोपं होतं हे?

आमच्या वेळी सोपं नव्हतं. फारमाच्या खाली एक रकाना असायचा. ज्याचं आधीपासून खातं आहे अशा माणसाने तिथं लिहून द्यायचं की मी या इसमाला इतक्या वर्षांपासून ओळखतो, आणि सही करायची. ती सही नसली तर वरचं सगळं लिहिलेलं वाया.

मी जबलपूरला आलो एकोणीस वर्षांचा. गाव हिंगणघाटच्या बाजूला. बाप म्हणे, आपल्या वेळी नागपूर-जबलपूर एकाच राज्यात होते, तू काहून घाबरतो? पण राज्यं कधीचीच वेगळी झाली होती, आणि माझ्यासाठी तो परमुलूखच. मी हिंदी बोललो की लोक गालात हसत. एका छापखान्यात बाइंडिंगचं काम मिळालं — कागद दुमडायचे, शिवायचे, खळ लावायची. दीक्षितपुऱ्यात तिघांत एक खोली. खोलीतल्या पेट्या कोणीही उघडाव्या अशा. मालक म्हणाले, बँकेत खातं उघड. तीनदा गेलो, तीनदा परत आलो. "किसी खातेदार को ले आओ." कुठून आणू? त्या गावात माझं नाव घेऊन हाक मारणारंही कोणी नव्हतं.

मुळेमास्तर छापखान्यात जुनी पंचांगं बांधून घ्यायला येत. रिटायर्ड शिक्षक, भोसल्यांच्या चाकरीपासून जबलपुरात राहिलेलं घराणं, मराठी अशी की अर्धी हिंदीच. माझं रडगाणं त्यांच्या कानावर गेलं. म्हणाले, "चलो, फारम आण." मला ओळखून त्यांना नऊ दिवस झाले होते. रकान्यात त्यांनी लिहिलं — दो वर्ष. मी पाहत होतो, माझे कान तापले. बाहेर पायरीवर म्हणाले, "तुला ओळखतो असं लिहून दिलं आहे, बरं का. आता मला खोटं पाडू नको."

भर रस्त्यात मी त्यांचे पाय धरले. ते होते तोवर दर दसऱ्याला पेढे आणि आपट्याची पानं घेऊन गेलो, एक वर्ष चुकवलं नाही. उपकार विसरणारा मी नाही. लोक तसं म्हणत. मीही म्हणत होतो. हे ध्यानात राहू द्या.

लग्न झालं, जबलपुरातच अधारतालला दोन खोल्या घेतल्या, आणि तिथं दाई आली.

बरगीच्या बाजूचं, नर्मदेकाठचं गाव तिचं. डोक्यावर टोपलं. थंडीत शिंगाडे, उन्हाळ्यात महुआ, बाकी दिवस भाजी. सगळा मोहल्ला तिला बरगीवाली म्हणे, सुशीला दाई म्हणे. शहराच्या त्या टोकाहून या टोकाला येई, आणि दुपारी आमच्या दारात बसून पाणी पिई. सुशीलाला सातवा लागला तेव्हा माहेरून पत्र आलं की आईनं अंथरूण धरलं आहे, येणं होणार नाही. माझी आई तर लहानपणीच गेलेली. सुशीला पत्र मांडीवर घेऊन बसली होती. दाईला वाचता येत नव्हतं, पण तिला कळलं. टोपलं उतरवून म्हणाली, "हम हैं न, बाई."

नितीन झाला, आणि सव्वा महिना ती गावी गेली नाही. आमच्या पडवीत निजली. पाय लांब करून त्यावर नितीनला आंघोळ घाली, तेल जिरवी, शेगडीवर ओवा टाकून धुरी देई. दोन दिवस पोरगं अंगावर प्यायलाच तयार नव्हतं, तर कापसाच्या वातीने थेंब थेंब दूध पाजलं. मी दाराशी नुसता उभा. ती मला हसे, "भैया, बाहर जाओ, तुम्हारे काँपने से लल्ला काँप रहा है." लल्ला म्हणे ती त्याला. शेवटपर्यंत लल्लाच.

आम्ही तिला काय दिलं? सुशीलाची एक नेसलेली साडी, तांदूळ, एक स्टीलचा डबा. मला वाटलं, फिटलं. एक सही देणाऱ्या मास्तरांच्या पाया मी वर्षानुवर्षं पडलो. हिच्या? मनातसुद्धा आलं नाही. खुर्चीवरून आला तर उपकार, जमिनीवर बसलेलीनं केलं तर — काय म्हणायचं त्याला? कामच ना? मी तेच समजत होतो.

बरगीला नर्मदेवर धरण बांधणं चालू होतं, त्यात तिचं गाव जाणार होतं. त्याचं ती पुष्कळ वर्षं हसत सांगे. "नर्मदा मैया खुद घर आ रही हैं, भैया. खाट कहाँ डालेंगे उनकी?" मग एका वर्षी हसणं बंद झालं.

तो शनिवार होता. मी पासबुक भरून घ्यायला बँकेत गेलो होतो. नितीन तेव्हा दहा वर्षांचा. मी छापखान्यात बाइंडिंगचा मुख्य झालो होतो, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आत पाहतो तर साहेबांच्या टेबलापाशी दाई. धुतलेलं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा चेक. फारम कोणीतरी भरून दिला होता. त्यावर तिचा अंगठाही उठवून झाला होता — अंगठा जांभळा, तो ती बाकीच्या बोटांपासून दूर धरून उभी, शाई कुठं लागू नये म्हणून. फक्त खालचा रकाना कोरा.

बरगीहून इथवर येताना वाटेत किती बँका लागतात. ती अधारतालला काहून आली? कारण अधारतालला तिला ओळखणारे होते. आम्ही होतो.

तिनं मान वळवली, मी दिसलो. त्या क्षणी तिचा चेहरा — ते मला लिहिता येत नाही. अख्ख्या बँकेला ऐकू जाईल असं म्हणाली, "जे भैया चीन्हत हैं हमें! इनसें पूछ लेव." हे भैया ओळखतात मला.

साहेब नवीन होते. त्यांनी माझा शर्ट पाहिला, पेन पाहिलं, खुर्ची पुढे केली. "आइए, बैठिए. आप तो पुराने ग्राहक हैं. आप ही बताइए, जानते हैं इसे?"

इथं येऊन मी दर वेळी थांबतो. मनातल्या मनातसुद्धा थांबतो.

मी घाबरलो, असं मी स्वतःला सांगत आलो. छापखान्यातल्या एकाला अशाच सहीपायी ठाण्यात बसवून ठेवलं होतं, ते आठवलं म्हणे. मास्तरांचं बोलणं आठवलं म्हणे, आपली ओळख जपून द्यावी. सगळं नंतर जुळवलेलं. जुळवायला वर्षं होती माझ्यापाशी. भीती नव्हती ती. भीती मला चांगली माहीत आहे, मी तिच्याबरोबरच वाढलो.

ती खुर्ची होती. सोळा वर्षांत त्या गावात टेबलामागच्या माणसाने मला कधी 'आप ही बताइए' म्हटलं नव्हतं. तिला 'इसे', मला 'आप'. मला त्या 'आप'मध्ये थोडा वेळ बसायचं होतं. हो म्हटलं असतं — हिनं माझं पोरगं पायांवर वाढवलं, ही माझ्या घरात निजली — तर मीही खुर्चीतून घसरून तिच्या टोपल्याशेजारी उभा दिसलो असतो. एवढंच. गोड वाटलं मला तिथं बसून. हा शब्द लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

मी म्हणालो, "घर-घर सब्ज़ी बेचती है, साहब. बस मुँहदेखी पहचान है. नाम तक नहीं मालूम."

नाव खरंच माहीत नव्हतं. साहेबांनी चेकवरून वाचलं — सुखवती बाई. अकरा वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. पुढं कित्येक वर्षं तेवढ्याला धरून होतो की सगळंच काही खोटं बोललो नाही, नाव तर ठाऊक नव्हतंच. बघा, कशाला धरून होतो.

साहेबांनी फारम फाडला आणि चेक तिच्याकडे सरकवला. "जब कोई पहचानने वाला मिले, तब आना."

पावसाळ्यात बँकेबाहेरच्या चहावाल्याने बरगीवालीचं पुढचं सांगितलं. दुसऱ्या एका बँकेबाहेर फारम भरून देणारा एक माणूस बसे. त्यानं तिला ओळख दिली, खातं उघडून दिलं, आणि त्याच बैठकीत पैसे काढायच्या कागदावरही अंगठा घेतला. पासबुक तिच्या हाती आलं तेव्हा खातं चालू राहावं इतकंच त्यात उरलं होतं. घर पाण्यात, शेत पाण्यात, आणि वर हे. चहावाला म्हणाला, "बुढ़िया को कोई ढंग का आदमी नहीं मिला होगा, बाबूजी." मी हो म्हटलं. चहा पूर्ण प्यालो.

ती पुन्हा अधारतालला आली नाही. बाजारात शिंगाडे दिसले की सुशीला विचारी, "दाई काहून येत नाही हो आता?" मी सांगे, गाव बुडालं, सरकारने कुठं कुठं नेऊन वसवलं, काय माहीत. एकदा तिनं हट्टच धरला — तुम्ही जाऊन तर पाहा. मी गेलो. बरगीच्या स्टँडवर उतरलो, समोसा खाल्ला, धरणाचं पाणी लांबून पाहिलं, आणि पुढच्या बसने परत आलो. कोणाला एक शब्द विचारला नाही. घरी येऊन म्हणालो, पुष्कळ शोधली, नाही सापडली. सुशीलानं मला गूळ-पाणी दिलं. दमले असाल, म्हणाली.

नितीनच्या लग्नासाठी तिनं एक हिरवं लुगडं घेऊन ठेवलं होतं — दाईला नेसवायचं म्हणून. लग्नात सुशीला दोनदा-तीनदा मांडवाच्या दाराशी जाऊन आली. मला माहीत होतं काहून जाऊन राहिली. मी पाहुण्यांना पान-सुपारी देत होतो. लुगडं अजून ट्रंकेत आहे, घडी न मोडलेलं.

आता सांगायचं फार नाही. एक राहिलं, ते मी मघाशी मुद्दाम लिहिलं नाही.

फारम फाडल्यावर दाई लगेच गेली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. आपण समजलो तो हाच का, असं निरखून पाहिलं. मग अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसली, पुसतात तशी. केस पिकलेले होते, त्यांच्यावर जांभळा डाग उमटला. चेक पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, आणि जाता जाता माझ्या खुर्चीपाशी थांबून हळूच म्हणाली, "लल्ला अच्छो है?"

मी पासबुकाकडे पाहत राहिलो.

ती गेल्यावर साहेबांनी विचारलं, "क्या कह रही थी?"

मी म्हणालो, "कुछ नहीं."