बाबांचं गाऱ्हाणं आणि दोन लॅपटॉप

आमच्या घरात दोन लॅपटॉप होते आणि त्यांच्यावरून धाकट्या भावाचं आणि माझं कधी पटलं नाही. मी शाळेत शिकवते; माझा त्या कामासाठी जवळच्या कट्टा गावातल्या दुकानातून घेतलेला, पातळ, कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा. त्याला आत पंखाच नाही. लाईट गेली तरी दिवसभर चालतो, तापला तर आपणहून हळू होतो. भाऊ पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. त्याचा लॅपटॉप जाडजूड, प्रोसेसर ताकदीचा. माझ्याकडे तासभर रेंगाळणारं काम तो चहा उकळेपर्यंत उरकतो. पण भूकही तशीच. चार्जर काढला की बॅटरी धापा टाकते, आणि जरा तापला की आतले पंखे घोंघावतात.

"ताय, तुजो म्हणजे नुसतो टाइपरायटर," तो चिडवायचा.

"आणि तुजो म्हणजे हत्ती. दारात बांधूक बरो, पोसतलो कोण?"

बाबा गावाचं गाऱ्हाणं घालत. लग्न असो की नवी रिक्षा, देवापुढे नारळ ठेवून एकाने मोठ्याने मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यांचा आवाज खर्जातला, खरखरीत. ती खरखर वाढत गेली तरी आम्हाला नेहमीचीच वाटली. मग डॉक्टरांनी घशाचा कॅन्सर सांगितला. जीव वाचेल म्हणाले, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनसाठी गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी ठरलं, बाबांनी घरच्या देवापुढे एकदा गाऱ्हाणं घालायचं आणि आम्ही त्यांचा आवाज जपून ठेवायचा. मी माझा लॅपटॉप पुढे केला. भाऊ म्हणाला, चांगला माइक पुण्यात राहिला, तरी माझ्या मशीनवरच करू. मी म्हटलं, दोन्हीवर करू. ते बाबांना रुचलं नाही.

"देवासमोर बाजार मांडू नका. मोठो आसा तो एकच ठेवा."

देवापुढची वस्तू आमच्याकडे उघड्या जमिनीवर ठेवत नाहीत. आईने पाट मांडला आणि त्यावर आपली पूजेची रेशमी साडी घडी करून अंथरली. भावाने लॅपटॉप त्या मऊ घडीवर ठेवला. छताचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. बाबांनी सुरुवात केली.

त्या लॅपटॉपची हवा आत घ्यायची भोकं तळाला होती. ती साडीने बुजली. थोड्याच वेळात आतले पंखे सुरू झाले आणि त्यांचा आवाज चढत गेला. भावाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पण चालू गाऱ्हाणं कुणी तोडत नाही. बाबा म्हणत होते, "ह्या पोरांका सांभाळ म्हाराजा, त्यांच्या वाटेत काय येता ता दूर कर," आणि आम्ही होकार देत होतो. स्वतःसाठी त्यांनी काहीच मागितलं नाही. शेवटी त्यांना असा ठसका लागला की पुन्हा म्हणा, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही.

माझा लॅपटॉप तेव्हा बाजूच्या खोलीत बंद करून ठेवलेला होता. त्याच्यात घोंघावण्यासारखं काही नव्हतंच. हे आठवलं की मला अजून संताप येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

ऑपरेशन नीट झालं. भाऊ पुण्यात ते रेकॉर्डिंग साफ करत बसला. लॅपटॉपचा आतला माइक पंख्यांच्या अगदी शेजारी, त्यामुळे पंख्यांची घरघर आणि बाबांची खरखर एकमेकांत कालवली गेली होती. पंखा पुसला की बाबाही पुसले जात. फोनवर तो रडायचा. अखेर जेवढं हाती लागलं तेवढं त्याने पाठवलं.

फाइल आली तेव्हा बाबा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी लाव अशी खूण केली. मी लावली. बराच वेळ काहीच नाही. मग आमचे चढे आवाज, अगदी स्वच्छ, 'व्हय म्हाराजा'. पुन्हा काही नाही. पुन्हा आम्ही.

बाबांनी गळ्याच्या पट्टीला हात लावला, मग कानाला, आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. आता कानही गेले का, असं ते विचारत होते.

"कान बरे आसत, बाबा," मी म्हटलं. "तुमचो आवाज ह्येच्यात नाय."

मला रडू आवरेना. मी बंद करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला, आणि आमचं म्हणणं संपेपर्यंत ऐकत राहिले.