तंबूमामाची भरती

माझा मामा बोलायला लागला की समोरच्याची बस चुकते, पण खडू हातात घेतला की त्याच्यासारखा कंजूष शोधून सापडायचा नाही. समुद्राकाठच्या सरकारी उद्यानात तो तंबूंची राखण करायचा, म्हणून सगळे त्याला तंबूमामा म्हणत. तंबू झटकायचे, खुंट्या सांभाळायच्या, कासवांनी अंडी घातलेल्या वाळूवरून हौशी मंडळींना हाकलायचं आणि संध्याकाळी फाटकावरच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशीच्या भरतीची सूचना लिहायची, ही त्याची कामं. आधीचा राखणदार चांगला परिच्छेदभर मजकूर लिहायचा. मामा लिहायचा, 'उद्या दुपारी भरती.' वर मलाच विचारायचा, "समुद्राशेजारी उभं राहून माणसाला दुसरं काय वाटणार?" माणसाने इतकंही शहाणं असू नये.

त्या मोसमात तंबूंकडे कुणी फिरकलंच नाही. मुख्य कचेरीतल्या साहेबांचा निरोप आला: स्वतः येऊन बघतो, तंबू रिकामे दिसले तर उद्यानाला कुलूप आणि मामाला शहरातल्या कचेरीत खुर्ची. मामाने हायच खाल्ली. मामी गेल्यावर तो त्या किनाऱ्याच्या आधारानेच उभा राहिला होता. भिंतीकडे तोंड करून बसायच्या नुसत्या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

साहेब यायच्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन गेले, तर फाटकाबाहेर ही भली मोठी रांग! इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट, काखेत फायली. आदल्या संध्याकाळी कुणीतरी फळ्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला होता, हे मला नंतर कळलं. मामाला मात्र देवच पावल्यासारखं झालं.

"सर, जागा किती आहेत?" रांगेतल्या पहिल्याने मामाला विचारलं.

"हव्या तेवढ्या. सगळ्या रिकाम्याच आहेत," मामा म्हणाला. रांगेत दोघांनी एकमेकांना मिठी मारली. "खालची हवी की वरची?"

"वरची मिळाली तर सोनंच. पण सुरुवातीला खालचीही चालेल."

"किती दिवसांसाठी?"

"कायमची नाही का मिळणार?"

"छे! कायमची कुणालाच देत नाही. नियम आहे."

"वाटलंच मला," मागचे एक काका करवादले. "हल्ली सगळं कंत्राटी."

मला तेव्हाच शंका आली. मी मामाची बाही ओढली, तर तो माझ्यावरच खेकसला, "मध्ये मध्ये करू नकोस, माणसं आलीत!"

मग त्याने तंबू वाटले. मंडळींना ती प्रात्यक्षिक परीक्षा वाटली. टाय लावलेला एक गृहस्थ प्रत्येक खुंटी ठोकली की वर बघून विचारायचा, "सर, बरोबर?" करवादणारे काका शेजारच्या तंबूची दोरी हळूच सैल करून आले. मामाने बगळा दाखवला, सगळ्यांनी तो लिहून घेतला. मामा म्हणाला, "आता डोळे मिटा आणि लाटा ऐका." सगळ्यांनी डोळे गच्च मिटले. एका बाईने लगेच हात वर केला, "ऐकल्या, सर!" निसर्गाचा इतका घाबरून घेतलेला आनंद मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात साहेब आले. भरलेले तंबू बघून त्यांचा चेहराच खुलला. "कशासाठी आलात सगळे?" त्यांनी त्या बाईला विचारलं.

"भरतीसाठी, सर!"

"अरे वा! भरतीची इतकी आवड?"

"घरचे सगळे याच दिवसाची वाट बघत होते, सर."

साहेब भारावले. मामाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उद्यान चालू राहणार. तुम्हीही इथेच राहणार." मामाचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

आणि मग भरती आली. खालच्या तंबूंत पाणी शिरलं, तरी कुणी जागचं हलेना. चिकाटीची परीक्षा असणार! ती बाई गुडघाभर पाण्यात ताठ उभी. मामा ओरडला, "भरती आली! वर या!" झालं, सगळा जमाव फायली उंच धरून साहेबांच्या अंगावर धावला. ती बाई सगळ्यांत पुढे होती. धापा टाकत तिने मामाला विचारलं, "सर, मला मिळाली ना जागा? घरी कळवून टाकू?"

मामाच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. साहेबांच्या अजून नव्हता पडला. 'नंतर सांगतो' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी डोळ्यांनी खुणावून थकले.

"ताई, चूक माझी आहे," मामा म्हणाला. "ही समुद्राची भरती. इथे नोकऱ्या नाहीत."

"म्हणजे यांत पर्यटक एकही नाही?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही."

लोक मामाला नको नको ते बोलले. ती बाई मात्र ओल्या वाळूत बसून रडली. परतताना मी मामाला फैलावर घेतलं. "तोंडाशी आलेला घास घालवलास! गप्प बसायला काय झालं होतं?"

"ती घरी कळवणार होती गं," मामा म्हणाला.

उद्यानाला कुलूप लागलं. कचेरीतल्या कारकुनाने मामाला विचारलं, आजवर काय काम केलंत? मामाने नेहमीच्या कंजूषपणे लिहून दिलं, 'तंबू व भरती.' तंबूंचा विभाग तिथे नव्हता. मामाची नेमणूक भरती विभागात झाली, चौकशीच्या खिडकीवर! ऐकून हसता हसता माझी मुरकुंडी वळली.

परवा त्याला डबा द्यायला गेले. खिडकीपुढे तीच रांग, तेच इस्त्रीचे कपडे. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "भरती कधी?" मामा खाली बघून म्हणायचा, "कळवू."

जेवायला बसला, पण घास काही तोंडात जाईना. "तिथे दिवसातून दोनदा यायची गं," तो म्हणाला. "इथे मी आल्यापासून एकदाही नाही आली."

खिडकीवर टकटक झाली. डबा झाकून तो उठला.