ठोका बसलेली गोळी

कुणाच्या घरी चहा समोर आला की मावळातली ती घटना मला आजही आठवते आणि नजर आपसूक स्वयंपाकघराकडे वळते. बायको म्हणते, निवृत्त झालात तरी झडती सुटली नाही.

मी तेव्हा मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या एका शिपायाचं पिस्तूल सरावात वरचेवर दगा देत होतं. दोष पिस्तुलाचा की गोळ्यांचा, हे ठरवायला आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या फायरिंग रेंजवर गेलो. शस्त्रांची देखभाल करणारे हवालदार सोबत होते. आधी पिस्तूल तेच ठेवून गोळ्या बदलल्या, मग गोळ्या त्याच ठेवून पिस्तूल बदललं. दुपारपर्यंत नक्की झालं की खोट गोळ्यांतच आहे. चाप ओढला की गोळीच्या बुडाच्या टिकलीवर ठोका बसायचा, पण बार होत नव्हता. अशी गोळी मेली असं समजायचं नसतं. कधी ती क्षणभराने उडते, कधी दुसऱ्या ठोक्याला. म्हणून नळी लक्ष्याकडेच धरून थांबायचं, मग पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, ओढून गोळी बाहेर काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची.

जेवणाच्या सुट्टीत, गोळीबार थांबल्याची खूण म्हणून, नियमाप्रमाणे लाल बावटा उतरवला. जेवून उठल्यावर हिशेब लावला तर एक गोळी कमी. उडालेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या सगळ्या जुळत होत्या. नव्हती ती एक न उडालेली गोळी. स्लाइड ओढताना ती गवतात पडली असणार, म्हणून आम्ही ओणवे होऊन गवताची काडी न् काडी चाचपली. शिपायाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला निलंबन दिसत होतं. मला त्याहून वाईट दिसत होतं, कारण रेंजच्या आसपास वाड्या आहेत.

रेंजच्या कडेला म्हशी राखणारे एक आबा दगडावर बसून आमची धावपळ मजेत बघत होते.

"आबा, मघाशी इकडं कुणी आलं होतं का?"

"बावटा उतरला की येत्यात की मान्सं, शिसं येचायला," ते म्हणाले. "धरनाकडचा जाळंवाला आलता. गवतातनं बी कायतरी उचललं त्यानं."

"शिसं कशाला लागतं त्याला?"

"जाळ्याला वजन नगं व्हय? चुलीवं वितळवत्यात आन् मनी पाडत्यात."

चूल म्हटल्यावर मी जीपकडे धावलो. सुटी गोळी विस्तवात पडली तर नळीतून सुटल्यासारखी लांब जात नाही, पण पुंगळी फुटून तिच्या चिंधड्या चहूकडे उडतात. जवळ बसलेल्याचे डोळे गेले म्हणूनच समजा.

पवनानगरच्या अलीकडे, पर्यटकांच्या तंबूंच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून ती वाडी होती. जीप शिरली तशी दारं लोटली गेली. दारात जाळं वाळत होतं, त्यामुळे घर शोधावं लागलं नाही. जाळेवाला पन्नाशीचा, हात जोडून उभा. त्याची बायको उंबऱ्यात. आत चुलीपाशी बाळंतीण सून तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन ऊब देत बसली होती.

"भाऊ, रेंजवरून काय आणलंत?"

"म्या? म्या तिकडं गेलोच न्हाई, साहेब."

"गेला असाल तरी मी तुम्हाला आत टाकणार नाही. पण त्यात एक जिवंत गोळी आहे. चुलीत गेली तर फुटेल."

"न्हाई वो साहेब. आईच्यान न्हाई."

माणूस पोलिसांशी खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला. हा गृहस्थ खोटं बोलून स्वतःच्याच नातवंडाचा जीव पणाला लावत होता, आणि माझं खरं बोलणं त्याला पोलिसी डाव वाटत होतं. हवालदारांनी आवाज चढवला, तशी मी त्यांना खूण करून थांबवलं. घाबरलेल्याला आणखी घाबरवलं की तो खोटं आणखी घट्ट धरतो. बाळंतीण बसली होती तो चुलीचा कोपरा सोडून घराची झडती घेतली. आढं, कणगी, जाळ्यांचा ढीग, काही म्हणता काही नाही. बाहेर उन्हं कलायला लागली होती. थोड्या वेळात घरोघरी चुली पेटणार होत्या.

तेवढ्यात जाळेवाल्याच्या बायकोने चहा आणला. मावळात पोलीस झडतीला आले तरी चहा चुकत नाही. मी कप हातात घेतला आणि थबकलो. बाई चहा घेऊन शेजारच्या दारातून आल्या होत्या.

"मावशी, तुमच्या चुलीत विस्तव आहे. मग चहा शेजारी का केला?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने जमिनीकडे. आत बाळ रडायला लागलं. चूल विझत आली म्हणून सुनेने फुंकणी उचलली.

"फुकू नगंस गं!" बाई किंचाळल्या.

माझ्या हातातला कप कुठे पडला ते मला कळलं नाही. "पोरी, बाळाला घेऊन बाहेर हो!" म्हणून मी आत धावलो. ती उठली, पदराखाली बाळाला झाकून बाहेर पळाली. चुलीला मागे वैल होतं, भाजी शिजत ठेवतात ते धाकटं तोंड. त्याच्या राखेत पत्र्याचा डबा पुरला होता. चिमट्याने बाहेर ओढून त्यावर कळशीभर पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, वाफ आली. डबा निवू दिला. मग उघडला. आत चेपलेल्या शिशाचे तुकडे, आणि त्यांच्यात आमची गोळी.

"पन ही मेलेली हाय, साहेब," जाळेवाला काकुळतीने म्हणाला. "बुडाला ठोका हाय की. ठोका बसलेली म्हंजी उडालेली. आमी वळखतो."

आयुष्यभर त्याने रेंजवर बघितलेल्या प्रत्येक पुंगळीच्या बुडाला ठोका होता. मी गोळीचं टोक त्याच्यासमोर धरलं. "शिसं अजून जागेवर आहे, भाऊ. मग आतली दारू कुठं जाईल?"

तो मटकन खाली बसला. अंगणातल्या बाळाकडे बघून ढसाढसा रडला.

बाई रडल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "डबा खुंटीलाच व्हता, साहेब. तुमची जीप दिसली म्हनून म्या चुलीत खुपसला."

मी गोळी हवालदारांकडे दिली.

सगळं जसं घडलं तसं वरिष्ठांना कळवलं. गोळ्यांचा तो साठा परत गेला, शिपायाची नोकरी वाचली, जाळेवाल्याला ताकीद देऊन सोडलं. शेवटची गोळी हाती लागल्याशिवाय बावटा उतरायचा नाही, असा दंडक रेंजवर घालून दिला. ही झाली खात्याची व्यवस्था. माझ्या मनात बाईंचं वाक्य राहिलं. आपण ज्यांना वाचवायला धावतो, त्यांना आधी आपलीच भीती वाटते, हे त्या चुलीपुढे कळलं.

पुढे कुठल्याही वाडीवर जाताना मी जीप लांब रस्त्यावर ठेवून चालत जायचो. शिपाई कुरकुरायचे. दारात टेकलो की पहिलं म्हणायचो, "मावशी, चहा टाका." आणि चहा त्यांच्याच चुलीवर चढला की माझा जीव भांड्यात पडायचा.