आक्काताईंची फरशी

समाजमंदिराची किल्ली आक्काताईंच्या कमरेला नेमकी कधी आली, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. लग्न होऊन त्या बौद्धवस्तीत आल्या तेव्हा त्या जागी नुसती बाभळीची झाडं होती. बांधकाम निघालं तेव्हा नदीतून वाळूची घमेली डोक्यावर आणणाऱ्या बायकांत त्या होत्या, आणि थोरला प्रशांत तेव्हा पोटात होता. पुढं इमारत उभी राहिली, तिथं लग्नं लागली, वंदना झाल्या, बारशी झाली. झाडलोट कुणी करायची म्हटल्यावर मात्र सगळी वस्ती आभाळाकडं बघायला लागली. मग आक्काताईंनी केरसुणी उचलली, ती उचललीच. पासष्टी उलटली तरी दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नाहीत.

त्यात गेल्या वर्षी नवी फरशी बसली. पांढरीशुभ्र. झालं! बाईंना दुसरं काही सुचेना. प्रशांत पुण्याहून सुट्टीला आला की म्हणायचा, "आये, येवढं माझं त्वांड तरी कवा पुसलंवतंस का?" आत बुद्धाची मूर्ती, त्यामुळं चपला बाहेर काढायच्या हा पहिल्यापासूनचा रिवाज. आता दारावर तसा बोर्डही लागला होता, पण खरा धाक बोर्डापेक्षा आक्काताईंच्या नजरेचा.

यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि वेगळंच घडलं. मतदान कायम वरच्या आळीतल्या शाळेत व्हायचं. पण शाळेची भिंत मागं भूकंपाच्या धक्क्यानं तडकलेली. पाटणहून साहेब आले, त्यांनी भिंत बघितली, मान हलवली आणि सगळ्या गावाचं मतदान समाजमंदिरात ठेवलं. वरच्या आळीत कुजबूज सुरू झाली. मानसिंग सुभेदार म्हणजे फौजेतून रिटायर झालेलं वजनदार माणूस. त्यांनी तर लेखी अर्जच दिला, की म्हाताऱ्या माणसांना खाली उतरायला लांब पडतं, सबब केंद्र बदलावं. लांब म्हणे! रमतगमत चाललं तरी शाळेपासून तीन मिनिटं लागत नाहीत. खरं कारण कुणी बोललं नाही आणि कुणाला कळायचंही राहिलं नाही. अर्ज काही मंजूर झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

आक्काताईंना राग आला का? आला की, चांगलाच आला. पण रागापेक्षा मोठं काहीतरी त्यांच्या मनात घोळत होतं. ऐन उमेदीची वीस वर्षं त्या वरच्या आळीच्या शेतांत भांगलणीला, कापणीला गेल्या होत्या. सुभेदारांच्या घरी कामाला बोलावणं आलं की अंगणाच्याही अलीकडं, गल्लीत चपला काढायच्या. चटके बसोत नाहीतर चिखल असो. आणि आता तेच गाव त्यांच्या दारात येणार होतं. ते चपला काढणार का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

आदल्या दिवशी मतदानाची माणसं सामान घेऊन आली. त्यांचे प्रमुख इंद्रजित सर कोयनानगरकडचे शिक्षक, बोलायला गोड. आल्या आल्या म्हणाले, "मावशी, हा बोर्ड तेवढा काढा. चपलेवरनं कुणी अडवलं म्हणून तक्रार नको."

"मी कुणाला अडीवतीय? ज्याला कळतंय त्यो काढंल."

"मग बोर्ड कशाला पाहिजे?"

आक्काताईंनी बोर्ड उतरवला, कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि रागारागानं फरशी दोनदा पुसली.

सकाळी साडेसातला मतदान सुरू झालं. पाणी द्यायचं काम आक्काताईंकडं होतं, म्हणून त्या दाराबाहेर जारपाशी स्टुलावर बसल्या. रांगेत पहिली दोन पोरं वरच्या आळीची. बूट घालून सरळ आत गेली आणि शाई लावून बाहेरही आली. पांढऱ्या फरशीवर लाल मातीचे ठसे उमटले. आक्काताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं आणि तोंड फिरवून बसल्या.

तिसरी होती रेश्मा, वरच्या आळीतली नवी सून. उंबऱ्याशी आली, आत बघितलं, "अगं बया, केवढी सवच्छ फरशी!" म्हणाली आणि सहज चपला काढून आत गेली. तिच्यामागच्या बाईंनी काढल्या. त्यांच्यामागच्या कोंडीबांनी काढल्या. मग काय विचारता! एकानं काढल्या की दुसऱ्याला घालून जायची लाज वाटते. दहा वाजेपर्यंत दाराबाहेर चपलांचा असा ढीग पडला की बंदोबस्ताचा पोलीस कपाळाला हात लावून बसला. कोंडीबा एका पायात आपली, एका पायात दुसऱ्याची चप्पल घालून निम्म्या वाटेवर गेले आणि शिव्या देत परत आले. आक्काताई हसून हसून बेजार झाल्या.

पण नजर वाटेकडंच होती. सुभेदार अजून आले नव्हते.

तीनच्या सुमाराला मोटार आली. लेक वीरधवल मोटारीतच थांबला आणि सुभेदार काठी टेकत उतरले. पायात नाडीचे काळे बूट, चकाचक पॉलिश केलेले. सहा महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय धड वाकत नव्हता.

"तसंच जावा, आबा," पोलीस म्हणाला. आतून सरांनीही हात केला, "या, या, तसेच या."

आक्काताईंनी तो पाय बघितला आणि इतक्या दिवसांची खुन्नस कुठल्या कुठं गेली. त्या उठून म्हणाल्या, "आवं सुभेदार, जावा की बूट घालूनच. मी पुसंन मागनं."

सुभेदार चपलांच्या ढिगाकडं बघत राहिले.

"येवढी लोकं अनवाणी गेली, ती काय येडी हायती व्हय?"

असं म्हणून ते काठीवर भार देत समाजमंदिराच्या पायरीवर बसले आणि नाडी सोडायला लागले. पाय वाकेना, हात पोचेना. आक्काताई सवयीनं पुढं झाल्या, वाकल्या. सुभेदारांनी त्यांचा दंड धरला.

"तू न्हाई, आक्का. तू हात लावायचा न्हाई."

गाठ सुटायला चांगली पाच मिनिटं गेली. मोजे घातलेल्या पायांनी सुभेदार आत गेले, मत दिलं, बाहेर आले आणि पुन्हा त्याच पायरीवर बसले. बूट घालायचं तर आणखी अवघड. दम लागला तसे थांबले. आक्काताईंनी आपल्या गुडघ्यावर हात टेकत, कण्हत वाकून पाणी दिलं, ते प्याले.

"तुझा गुडघा कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"डावा धरतुया. पायऱ्या उतराय लागलं की कळ येती."

"बस की मग. उभी कशाला?"

आक्काताई बसल्या. त्याच पायरीवर, हातभर अंतरावर. जन्म एका गावात गेला, पण असं शेजारी बसून दोघं कधी बोलले नव्हते. आज दुखण्याला दुखणं भेटलं आणि बोलणं लांबत गेलं. कुठलं तेल चांगलं, कुठल्या डॉक्टरच्या हाताला गुण हाय, थंडीत काय होतं. आक्काताईंचा जीव इतका हलका झाला की जारमधलं पाणी संपलं तेही त्यांना कळलं नाही.

तिकडं वीरधवल कंटाळला. त्यानं हॉर्न वाजवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजवला.

सुभेदारांनी बसल्या जागेवरनं काठी उगारली.

"थांब की रं! माणसं बोलत्यात, दिसत न्हाई व्हय?"