आतली कडी

‘‘आतून कडी? ती कशाला हवी तुम्हाला? कुणापासून लपायचंय?’’

संस्थेच्या मॅडम म्हणाल्या आणि टेबलाभोवतीची सगळी शहाणी माणसं हसली. आर्किटेक्ट हसला. देणगी देणारे शेठ हसले. चहा आणणारा शिपाईसुद्धा हसला. मी आणि माझ्यासारखीच बेघर सखूमावशी अनवाणी उभ्या होतो. आत येताना आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. त्यांच्या पायांत बूट होते. फरशी बहुधा आमच्याच चपलांनी मळते.

टेबलावर थर्माकोलची इमारत होती. बेघर बाया आणि त्यांच्या लेकरांसाठी बारामतीत बांधायचं घर. स्पंजची झाडं, काड्यापेटीएवढ्या खोल्या, लेकरांसाठी भिंतीवर जिराफ. जिराफाबद्दल आर्किटेक्ट बराच वेळ बोलला. खोल्यांच्या दारांना कडी मात्र फक्त बाहेरून. वर दारात गोल काच, वॉर्डनबाईला कधीही आत डोकावता यावं म्हणून.

आम्हाला ‘मत सांगायला’ बोलावलं होतं. मी एकच मत सांगितलं. आतून कडी पाहिजे.

‘‘एखादीनं कोंडून घेऊन जिवाचं बरंवाईट केलं तर?’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘काळजीपोटीच आहे हे. आणि फुकट मिळतंय ना? धर्माची गाय, अन् दात का गं नाय!’’

पुन्हा हशा. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची चीड मला अजून येते.

कुणापासून लपायचंय? सांगते.

अंथुर्ण्याला सासरी माझ्या खोलीला आतून कडी होती. नवरा ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. दीर आधी पाणी मागायला आत यायचा. मग काही न मागताच यायला लागला. मी कडी लावायला लागले, तर सासूनं पक्कड आणून कडीच उपटली.

‘‘घरच्या मान्सापासनं कसली गं कडी? असली थेरं हितं न्हाय चालायची.’’

दाराला नुसती भोकं उरली. मी दाराला पाटा टेकवून झोपायचे. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, ‘‘तुझंच मन घाण हाय.’’

लेक मोठी व्हायला लागली. एक दिवस मी डाळिंबाच्या बागेत असताना दीर दार ढकलून आत गेला. घरात लेक एकटी. ती त्याच्या हाताखालून निसटली आणि पळत माझ्याकडं आली. काही झालं नाही. व्हायची वाट मी बघितली नाही. मंगळसूत्र सासूच्या देव्हाऱ्यात ठेवलं, लेकीचा हात धरला आणि निघाले. निमगाव केतकीला माहेरी भाऊ म्हणाला, ‘‘चार दिस ऱ्हा, मग मी सोडतो माघारी.’’ मी चार दिवससुद्धा राहिले नाही. तिथून बारामतीचा स्टँड. मग एका हॉलचा निवारा, त्याला तर दारच नव्हतं.

बूट घातलेल्या माणसांपुढं हे सगळं सांगायचं कसं? आणि का? शेठच्या बायकोला कुणी विचारतं का, की वहिनी, तुमच्या बेडरूमला कडी कशाला?

घर बांधून झालं. जिराफ आला. आतली कडी आली नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी मांडव, केळीचे खुंट, फोटोवाले, सगळा थाट होता. पूजेला जोडपं लागतं. ज्यांचं घर, त्यांच्यात जोडपं एकही नाही. म्हणून ज्यांचा बंगला आधीच आहे ते शेठ आणि शेठाणी आमच्या घराच्या वास्तुशांतीला बसले. घराला शांती त्यांनी मिळवून दिली. आम्ही मांडवाच्या कडेला, आपापली बोचकी घेऊन.

सखूमावशी शेळगावची. नवरा गेल्यावर पुतण्यांनी बाहेर काढलेली. पहाटेपासून तिनं पुरण वाटलं होतं, पोळ्या लाटल्या होत्या. पाहुण्यांना ओवाळायची वेळ आली तशी ती ताट घेऊन पुढं झाली. मॅडमनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

‘‘तुम्ही नको, मावशी. सवाष्ण लागते.’’

तिनं केलेल्या पोळ्या चालल्या. तिचे हात चालले नाहीत. मावशी पदराला हात पुसत मागं सरकली. तिच्या तोंडाकडं मला बघवेना.

मॅडम माझ्याकडं वळल्या. ‘‘तू ये गं. तुझा नवरा आहे ना?’’ आणि पर्समधून काळ्या मण्यांचं एक मंगळसूत्र काढलं. खोटं. घरून आठवणीनं आणलेलं. ‘‘हे घाल. आजच्या दिवस. फोटोत रिकामा गळा बरा दिसत नाही.’’

माझ्या गळ्याची एवढी तयारी! कडीची आठवण मात्र कुणाला झाली नाही.

मी ते मंगळसूत्र घेतलं. मॅडमचा चेहरा खुलला. मी समोरच्या खोलीपाशी गेले आणि दाराच्या बाहेरच्या कडीला ते अडकवलं.

‘‘न्हाय घालनार,’’ मी म्हणाले. ‘‘हितंच ऱ्हाऊद्या. दोन्ही येकाच कामाचं हाय.’’

सनईची टेपसुद्धा कुणीतरी बंद केली.

‘‘कळतंय का तुला काय बोलतेस?’’ मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

‘‘कळतंय की. आमच्यात गोठ्याला कडी भाईरनं असती. तुमी म्हनला धर्माची गाय. गाय कुठं दिली तुमी, मॅडम? गोठा दिला. गाय आमीच.’’

‘‘नको असेल तर सांग. ही खोली घ्यायला बाहेर रांग लागलीय.’’

तेव्हा सखूमावशी पुढं आली. मॅडमच्या हातातलं ताट तिनं काढून घेतलं, अगदी तसंच, जसं तिच्या हातातून गेलं होतं. शेठकडं पाठ केली. माझ्या लेकीला दारात उभं केलं आणि ओवाळलं.

‘‘हिचं घर हाय,’’ ती म्हणाली. ‘‘हिलाच ववाळायचं.’’

शेठाणी खाली बघत होत्या. शेठ घड्याळ बघत होते. पेपरवाले हजर होते, म्हणून मॅडम हसल्या. पेपरवाले नसते तर आम्ही त्याच दिवशी पुन्हा स्टँडवर असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांची माया कॅमेऱ्याच्या टप्प्यापुरतीच.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या शेडमधल्या कामावरून सुटल्यावर मंडईजवळच्या दुकानातून मी कडी आणली. मावशीनं पाठ लावून दार धरलं, मी स्क्रू पिळले. गोल काचेवर कणकेच्या खळीनं कागद चिकटवला. त्या रात्री लेकीनं स्वतः कडी लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग झोपली.

आठवडा गेला. कामावरून आले तर कडी उपटलेली. दाराला भोकं. तीच, सासूनं ठेवली होती तशीच. ‘‘वरून ऑर्डर आहे,’’ वॉर्डनबाई म्हणाली. सासूचं शिक्षण चौथी आणि मॅडमचं परदेशातलं. पक्कड मात्र एकच.

मी नवीन कडी बसवली, जुन्या भोकांच्या वर. तीही गेली. आता तिसरी आहे. शेजारच्या तीन खोल्यांमधूनही हातोडीचा आवाज आला. ‘शिस्तभंग केल्यास प्रवेश रद्द’ असा कागद जिन्यात लागलाय. लागू दे. दाराची चाळण झाली तरी चालेल. भोकं पाडायला लाकूड उरलं नाही तर दार बदलायला लावीन, पण कडीशिवाय माझी लेक या घरात झोपणार नाही. आणि हे घर सोडून आम्ही जाणार नाही.

मॅडम, मी कडी लावलीय. यायचं असेल तर पायातले बूट बाहेर काढा आणि दार वाजवा. उघडायचं की नाही, ते मी ठरवीन.