मामांच्या सहा मोटारी

आमच्या ह्यांना आयुष्यात कुणी काही फुकट दिलं नव्हतं, आणि दिलं असतं तर ह्यांनी ते दारातूनच परत पाठवलं असतं. शाळामास्तर माणूस. बुलढाण्यात भाड्याच्या दोन खोल्या, धोतरं दोन, आणि तत्त्वं मात्र पोतंभर. अशा माणसाच्या नावे मलकापूरचे मामा सहा मोटारी ठेवून गेले.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे सख्खे भाऊ. मलकापूर स्टेशनपासून वर बुलढाण्यापर्यंत आणि पुढे चिखलीपर्यंत उतारू नेणाऱ्या त्यांच्या सर्व्हिस मोटारी धावायच्या. मूलबाळ नाही, आणि ह्या भाच्याशी बारा वर्षं अबोला. का, तर भाच्यानं एकदा जेवता जेवता विचारलं होतं, "मामा, मोटार डायव्हर चालवतो, क्लीनर ढकलतो, मग मालक काय करतो?" मामांनी ताटावरून उठवलं होतं. आणि आता मृत्युपत्रात सहाही मोटारी, त्यांची शेड, सगळा पसारा ह्याच भाच्याला. खाली एकच ओळ होती : "मालक काय करतो ते आता तुझं तूच पाहा."

वकिलांनी ती ओळ दोनदा वाचली. माझी तर छातीच दडपली. सहा मोटारी! तेव्हा अख्ख्या बुलढाण्यात मोटार आली की लोक चहा सोडून बाहेर यायचे.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र मोटार आलीच नाही, घर आलं. तळ्याच्या अंगाला एक जागा मी कधीची हेरून ठेवली होती. आमची घरमालकीण माझ्या पाण्याच्या बादल्या मोजायची, तिसरी भरली की खोकायची. मला स्वतःचा हौद हवा होता, आणि स्वयंपाकघराला पूर्वेकडे खिडकी. मोटारी विकल्या की हे सगळं होणार होतं, आणि वर म्हातारपणाची काळजी मिटणार होती. मी मनातल्या मनात त्या खिडकीत मिठाची बरणीसुद्धा ठेवून दिली.

पण नवरा माझा अराजकवादी. हो, स्वतःला तसंच म्हणवून घ्यायचे, आणि तेही चारचौघांत! त्या काळी हा शब्द ऐकला की लोकांना बॉम्बच दिसायचा. एकदा फौजदार येऊन आमची ज्वारीची कणगी तळापर्यंत उपसून गेला. सापडलं काय, तर मी लपवलेला रेवड्यांचा पुडा. ह्यांचं म्हणणं खरं तर साधं होतं. माणसानं माणसावर हुकूम चालवू नये. जे राबतात त्यांनी आपसात बसून ठरवावं, डोक्यावर मालक नको, साहेब नको. मी हे रोज ऐकायचे आणि रोज भाजी निवडत बसायचे.

त्या संध्याकाळी हे माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "मोटारी त्या सोळा जणांच्या व्हाव्या असं मले वाटते. डायव्हर, क्लीनर, शेडमधला मिस्त्री, साऱ्यांच्या. पण मी एकटा कसा ठरवू? त्यांच्यावरचा हुकूम काढायचा आन तुझ्यावर चालवायचा, हे काही खरं नाही. तू नाही म्हटलं त मोटारी विकू, तुझं घर बांधू. मी पुन्हा विषय काढणार नाही."

माहेरी, वरवट बकालात, माझ्या आईला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं की आज भाजी कोणती करावी, आणि मला हा माणूस सहा मोटारींचं विचारत होता! अंगावर काटा आला. आणि रागही आला, कसा नाही येणार? ओरडले असते, हट्ट केला असता, तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. "विचार करते," म्हटलं आणि चुलीपाशी जाऊन बसले.

शेजारणींनी माझं डोकं खाल्लं. "अवं बाई, काऊन थांबून राह्यली? नाही म्हण अन् मोकळी हो!" मी नाहीच म्हणणार होते. फक्त एकदा मालकिणीसारखं त्या मोटारीत बसून पाहावं, मग विकाव्या, एवढीच हौस राहिली होती. म्हणून एका सकाळी मलकापूरला जाऊन यायचं ठरवलं.

मोटारीत पुढची शीट असायची, डायव्हरच्या शेजारी. मामांच्या काळी तिच्यावर तहसीलदार बसायचे, वकील बसायचे. आमचे डायव्हर म्हणजे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी खांद्यावरच्या रुमालानं ती शीट पुसली. "बसा बाई, तुमचीच हाय." काय सांगू, त्या शीटवर बसून घाट उतरताना मी राणीच झाले होते. ओळखीचं कुणी दिसलं की मान आणखी वर!

परत येताना राजूर घाट लागला. चढावर इंजिनाचं पाणी उकळायला लागलं, तशी मोटार थांबली आणि मागची सगळी माणसं आपसूक खाली उतरली. वजन कमी व्हावं म्हणून घाटात उतरून चालायचं ही रीतच होती. पुढची शीट तेवढी उतरायची नाही. मीही उतरले नाही. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन चढत होत्या, मी पदर सारखा करत बसले होते. चाचांनी पाणी ओतलं, एका उतारूकडून पुढून इंजिनाचं हँडल मारून घेतलं आणि मोटार पुन्हा निघाली. वळणावर इंजिन एकदम बंद पडलं.

मोटार मागे सरकली. हातभर सरकली असेल, पण माझ्या बाजूला खाली नुसती दरी. मी दोन्ही हातांनी शीटची कड धरली. आणि तेवढ्यात खाडकन धक्का बसला आणि मोटार जागच्या जागी उभी राहिली.

खाली उतरून मी मागे गेले. मागच्या चाकाखाली दगड होता, आणि त्याच्याजवळ आमचा क्लीनर उकिडवा बसून घाम पुसत होता. चाळिशीचा माणूस. माणसं उतरली तिथपासून तो मोटारीमागे तो दगड दोन्ही हातांत घेऊन चालत आला होता. मला ठाऊकच नव्हतं. मी चाचांना विचारलं, "तुम्ही हाक त मारली नाही. त्याले सांगितलं कधी?"

चाचा हसले. "सांगाले टाइम कुठी राहते, बाई? सांगेपर्यंत आपन खाली."

"मग तुमाले कसं माहीत की तो दगड ठेवनच?"

"आन त्याले कसं माहीत की मी ब्रेक सोडनार नाही?"

मी क्लीनरला विचारलं, "मामासाहेबांनी सांगून ठेवलं होतं का हे?" तो बिचारा गोंधळला. "मालक घाटात कधी उतरलेच नाही, बाई. दगड असते हेच त्याईले माहीत नसन."

मी त्याच्या हातांकडे पाहत राहिले. कोपरापर्यंत धूळ, नखं फुटलेली. मोटारीतल्या आम्हा दोघांचा आणि मागून चालणाऱ्यांचा जीव त्या हातांत होता आणि त्याला हुकूम करणारा त्या घाटात कुणी नव्हता. मला फार मोठं काहीतरी दिसल्यासारखं झालं. देवळात गेल्यावर होतं ना, आपण एवढुसे होतो, तसं. इतकी वर्षं मी भाजी निवडत जे ऐकत होते ते हेच होतं, आणि ते रोज दोन वेळा ह्या घाटात होत होतं! उरलेला घाट मी सगळ्यांबरोबर पायी चढले.

घरी आले तर हे वह्या तपासत होते. कबूल केल्याप्रमाणे एक शब्द विचारला नाही. मीच म्हटलं, "देऊन टाका मोटारी."

"देणारे आपण कोण? त्या त्यांच्याच..."

"आता शब्दावरून वाद घातला त उद्या विकून टाकीन!"

हे हसले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मलाही रडू आलं. माझं ह्यांच्यासारखं नव्हतं, मला खिडकीचं रडू येत होतं. ते मी तेव्हा सांगितलं नाही.

वकिलांचं डोकं मात्र फिरायची वेळ आली. "ठीक आहे, सोळा जण. पण अध्यक्ष कोण?" कुणी नाही. "मग सही कुणाची चालणार?" सोळाही जणांची. वकिलांनी टाक दौतीत बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. शेवटी कागदावर सोळा नावं चढली, निम्म्यांचे अंगठे.

आणि पहिल्याच सकाळी ती सोळा माणसं आमच्या दारात उभी! "मास्तर, पहिली गाडी कोनती सोडू?" हे म्हणाले, "मले काऊन विचारता?" आणि दार लावून घेतलं. मग दाराला पाठ लावून नखं खात उभे राहिले. बाहेर जुंपली. मी जायचं, तू काऊन, मागच्या खेपेले कोन गेलं होतं? आवाज चढत गेला आणि मग सगळे भांडतच स्टँडकडे निघून गेले. मलकापूरला आगगाडी धरायची वेळ टळत आली. आणि मग हॉर्न वाजला. एक मोटार आमच्या गल्लीच्या तोंडावरून घाटाकडे गेली. हे मटकन जमिनीवर बसले. "गेली," म्हणाले. "कोणी न सांगता गेली!" लहान लेकरासारखा चेहरा झाला होता.

घर काही झालं नाही. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिलो, आणि त्या खिडकीची हळहळ मला आजही वाटते. खोटं कशाला बोलू?

दोनेक महिन्यांनी माहेरी गेले होते. परतताना मलकापुरात हक्कानं पुढच्या शीटकडे निघाले, तर तिथं एक बांगड्या विकणारी बाई आपल्या पोटुशा सुनेला बसवत होती. क्लीनर म्हणाला, "बाई, पुढची शीट आता ज्याले गरज त्याची. अन् तुमचं तिकीट?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तिकीट? मला? तिकीट काढलं आणि मागे गाठोड्यांमध्ये जाऊन बसले.

घाटात पाणी उकळलं. सगळे उतरलो, मोटारीमागे चालू लागलो. त्याच वळणावर इंजिन पुन्हा बंद पडलं. क्लीनरनं आपल्या बाजूच्या चाकाखाली दगड ठेवला, पण दगड खडीवरून घसरला आणि मोटार मागे यायला लागली. पुढे ती पोटुशी पोर बसलेली. दुसऱ्या बाजूला मी होते. रस्त्याकडेचा दगड केव्हा उचलला, कसा उचलला, मला आजही सांगता येणार नाही. चाकाखाली तो बसला आणि मोटार थांबली.

हात सोलून निघाले होते. मी धापा टाकत वर पाहिलं. चाचा ब्रेक दाबून धरून पुढून हँडल मारून घ्यायच्या खटपटीत होते. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.