चंद्रप्रभाबाईंचा तापणारा कॉम्प्युटर

चंद्रप्रभाबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लातुरात त्या भाजीला निघाल्या की कुणी ना कुणी गाडी थांबवून पाया पडायचंच. भूगोल शिकवायच्या त्या. फळ्यावर हात न उचलता मांजरा नदीचं खोरं काढायच्या आणि मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं, तर पाठ न वळवता त्याला नावानिशी उभं करायच्या. निवृत्तीनंतर त्यांच्या मैत्रिणींनी सहली काढल्या. बाईंनी कॉम्प्युटर जोडायला घेतला.

दुकानातला तयार डबा त्यांना नको होता. जन्मभर पोरांना सपाट नकाशे दाखवले, आता डोंगर डोंगरासारखा उभा करून दाखवायचा होता आणि त्याला दमदार यंत्र लागतं. औसा रोडला मुनीबचं सुट्या भागांचं दुकान होतं. मुनीब त्यांचाच विद्यार्थी, आता कानापाशी केस पांढरे झालेला. त्याच्याकडून एकेक भाग आणून बाईंनी जेवणाच्या टेबलावर मांडला आणि स्वतः जोडला. त्यांचे यजमान मार्तंडराव पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "एखादा स्क्रू उरला तर मला सांग हं."

एकही उरला नाही. बटण दाबलं आणि यंत्र सुरू झालं. त्या दिवशी बाईंनी शिरा केला.

मार्चमध्ये औसा तालुक्यातल्या एका गावचे सरपंच ग्यानोबा घरी आले. गावात शाळेला नव्या खोल्या बांधायच्या होत्या. त्यांचं एक झोकदार चित्र एक मेच्या ग्रामसभेत लावायचं, एवढीच त्यांची मागणी. बाई चित्राला बसल्या, पण सवयीप्रमाणे आधी त्यांनी गावाचे चढउतार कॉम्प्युटरवर उभे केले. आणि हात थांबला. खोल्यांसाठी ठरवलेली ती सपाट जागा दोन उतारांच्या बरोबर पोटात होती. वरच्या माळाचं सगळं पाणी एकदा जोरात आलं, तर दुसरीकडे जायला त्याला वाटच नव्हती.

त्यांनी फोन लावून सांगितलं, त्या जागेतून जुना ओढा जात असणार.

"वढा? तिथं?" ग्यानोबा हसले. "बाई, आमच्या जन्मात तिथं पाणी न्हाई पायलं. पोरं क्रिकेट खेळून राहिलीत तिथं."

"ग्यानोबा, अलीकडे तसा पाऊस झाला नाही म्हणून. तुम्हाला सांगून पटायचं नाही. मी दाखवतेच."

दाखवायचं म्हणजे छोटी फिल्म करायची. माळावर पाऊस पडतोय, पाणी उतरतंय, एकत्र येतंय आणि शेवटी कुठे शिरतंय, हे सगळं डोळ्यांना दिसलं पाहिजे. असलं एकेक चित्र तयार करताना कॉम्प्युटरचा नुसता घाम निघतो. त्यात एप्रिलचा शेवट, लातूरचं ऊन आणि पश्चिमेची खोली. फिल्म जेमतेम सुरू व्हायची, पंखा रिकाम्या गिरणीसारखा घरघरायचा, प्रोसेसरचा पारा शंभरीला टेकायचा आणि पडदा काळा. यंत्र आपणहून बंद. पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेच.

मार्तंडरावांनी मोठ्या मायेनं हॉलमधला कूलर ढकलत आणला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. बाईंनी आधी त्याचं बटण बंद केलं.

"अहो, ती ओली हवा आहे. आपल्याला बरी वाटते. आतल्या पट्ट्यांवर ओल बसली तर कायमचं निजेल हे."

"मग मुनीबला बोलवू का?"

"त्याला फोन करते. बोलवत नाही."

मुनीबनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, दुकानात पाठवून द्या. मी करून देतो ना. तकलीफ कशाला घेता?"

"मी जोडलाय, तर बिघडलाय कुठे ते मला कळायला नको का? तू फक्त सांग, आधी काय बघू?"

"आधी बाजूचं झाकण काढून चालवा. पारा खाली आला तर हवेचा घोळ हाय. नाही आला तर प्रोसेसरवरच्या पंख्याचा."

बाईंनी झाकण काढलं. पारा उतरला, पण म्हणावा तेवढा नाही. म्हणजे घोळ दोन्हीकडे होता. त्यांना उलट हुरूप आला. पदर खोचून त्या खाली जमिनीवरच बसल्या.

पुढच्या जाळीवर धुळीचा थर बसला होता, कांबळ्यासारखा. तो गॅलरीत नेऊन ब्रशनं झाडला. टेबलाच्या कपाटात कोंबलेला डबा बाहेर काढून भिंतीपासून हातभर दूर ठेवला. मग देवघरातून उदबत्ती आणली. मार्तंडराव म्हणाले, "आता पूजा घालणार का त्याची?" झाकण लावून, यंत्र चालू करून बाईंनी उदबत्ती पुढच्या जाळीजवळ धरली. धूर आत ओढला गेला. बरोबर. मग मागच्या पंख्यापाशी धरली. धूर तिथूनही आतच गेला.

बाई मोठ्यानं हसल्या. "अहो, मागचा पंखा मी उलटा बसवलाय! दोन्हीकडून वारा आत येतोय आणि बाहेर जायला दारच नाही. माझ्या सातवीतल्या पोरानं असं केलं असतं, तर बाकावर उभा केला असता."

यंत्र बंद करून, चार स्क्रू काढून त्यांनी पंखा फिरवला आणि यंत्र पुन्हा लावलं. या वेळी धूर मागून झोतानं बाहेर आला आणि हात धरला तर झळ लागली. इतके दिवस आत कोंडलेली उष्णता निघून चालली होती.

राहिला प्रोसेसर. यंत्र बंद केलं, वायर काढली, जरा निवू दिलं. मुनीबनं फोनवरूनच सांगितलं, "प्रोसेसरवरच्या पंख्याचे चारी कोपरे बोटानं हळूच हालवून बघा. एखादा हालून राहिलाय का?"

"हालतोय. खालचा, डाव्या हाताचा."

"मग त्याची खुंटी बसलीच नाही, बाई. आवाज येईस्तोवर दाबावी लागते. पंखा आता काढलाच तर जुनी पेस्ट पुसून नवी लावा. माणसाबरोबर ट्यूब पाठवतो."

प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या पंख्याचं धातूचं बूड यांच्यात ही पेस्ट असते, उष्णता वर पोचवणारी. तिरक्या बुडाखाली ती एका कोपऱ्यात वाळून खपली झाली होती. बाईंनी स्पिरिटच्या बोळ्यानं सगळं लख्ख पुसलं, वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली आणि खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीनं दाबल्या. टक्. टक्. टक्. शेवटची जरा अडली. बाईंनी अंगठ्याचा जोर लावला आणि तीही टक् करून बसली.

फिल्म पुन्हा सुरू केली. पारा चढला, सत्तरीच्या पुढे गेला, ऐंशीच्या अलीकडे थबकला आणि तिथेच राहिला. बाई चहाचा कप हातात घेऊन त्या आकड्याकडे बघत बसल्या. चहा निवून गेला. आकडा हलला नाही. उरलेलं काम त्यांनी ऊन चढायच्या आत, सकाळी सकाळी उरकायचं ठरवलं आणि फिल्म ग्रामसभेच्या आधीच हाती आली.

एक मेला शाळेच्या खोलीत खिडक्यांना सतरंज्या टांगून अंधार केला आणि प्रोजेक्टर लावला. भिंतीवर गावाचा माळ उभा राहिला, तशी माणसं आपापली घरं ओळखून एकमेकांना दाखवू लागली. मग पाऊस आला. पाणी दोन्ही उतारांवरून निघालं, एकत्र झालं आणि सरळ नव्या खोल्यांच्या दारात शिरलं. एक जण उठून म्हणाला, "हे समदं कॉम्प्युटरचं हाय. खऱ्यात कुठं असं असतं?"

दाराशी बसलेल्या केवळाबाई हातानं थांबा म्हणत उठल्या. गावात त्यांच्याहून वयानं मोठं कुणी नव्हतं. "असतं की. मी नवी नवरी होते तवा आम्ही धुणं घेऊन तिथंच जायचो. बारीक पाणी वाहायचं. मग ते आटलं, लोकांनी बुजवलं. तुम्ही न्हाई पायलं, मी पायलंय."

ग्यानोबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. सभेला आलेले, खोल्यांचं बांधकाम बघणारे अभियंता साहेबही भिंतीजवळ जाऊन ते चित्र न्याहाळत होते. ते म्हणाले, "मी परत एकदा मोजणी करतो. बाई, ही फिल्म मला द्याल का?"

"द्यायलाच आणलीय."

मोजणीत तेच निघालं. थोडी कुरकुर झाली, कारण दुसरी जागा वरच्या अंगाला होती, बाभळीनं भरलेली आणि पोरांना चार पावलं लांब. पण गावानं बाभळी काढल्या. पायाभरणीला ग्यानोबांनी गाडी पाठवून बाईंना नेलं आणि नारळ त्यांच्याच हाती दिला. नारळ फोडून झाल्यावर सगळे पेढ्यांकडे वळले. बाई मात्र खणलेल्या चरापाशी वाकल्या, आतला मूठभर मुरूम उचलून बोटांनी चुरडून बघितला आणि मार्तंडरावांना म्हणाल्या, "जागा पक्की आहे."